कार्ड आलंय, बाकीचं बघू

मराठी मध्यमवर्गीय घरात गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर आजवर कोणीही घेतलेला नाही. तो शिक्षणासाठी येतो. दहावीपर्यंत ‘प्रोजेक्टसाठी’ आणि बारावीनंतर ‘ऑटोकॅडसाठी’. इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात मुलगा जेवता जेवता सांगतो, ‘‘बाबा, ऑटोकॅडला ग्राफिक्स कार्ड लागतं.’’ बाबांना ऑटोकॅड कशाशी खातात ते माहीत नसतं. पण एप्रन लागतो, ड्राफ्टर लागतो, होस्टेलचं डिपॉझिट लागतं, त्या यादीत कार्डही खपून जातं.

माझा भाचा ओंकार मेकॅनिकलला गेला तो २०१७ साली. जीएसटी लागू व्हायला थोडे दिवस उरले होते, दुकानदार जुना माल काढायच्या घाईत होते, त्यामुळे ताईच्या डोंबिवलीच्या घरात असेंबल केलेला कॉम्प्युटर बऱ्या भावात आला. कोअर आय फाइव्ह ७४०० प्रोसेसर, एच ११० बोर्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर आणि अर्थातच ऑटोकॅडसाठी जीटीएक्स १०५० टीआय. कॅबिनेटबरोबर ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, फुकट. या ‘फुकट’कडे पुढे यायचंच आहे.

१०५० टीआय मोठं कार्ड नव्हतं, पण गुणी होतं. बोर्डाच्या स्लॉटमधून जी ७५ वॉट वीज मिळते तेवढ्यात भागवायचं, वेगळी वायर मागायचं नाही. त्यावर ओंकारने जीटीए फाइव्ह खेळत पदवी घेतली. ऑटोकॅड उघडलं जायचं ते सबमिशनच्या आदल्या रात्री, आणि त्याही रात्री कार्डाला विशेष काम नसायचंच.

दुःख वेगळंच होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलने आय फाइव्ह ८४०० बाजारात आणला. चाराच्या जागी सहा कोअर. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. पिनाही तेवढ्याच, ११५१. तरी तो ओंकारच्या बोर्डावर चालत नव्हता! विजेच्या पिनांची मांडणी बदलली आहे, असं कारण कंपनीने दिलं. हौशी लोकांनी पुढे जुन्या बोर्डांचे बायोस खरवडून तो त्यांवर चालवूनही दाखवला. ज्याने चार महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर घेतला आहे त्याने असलं काही वाचू नये. ओंकारने वाचलं, आणि अपग्रेडचा किडा तेव्हाच डोक्यात शिरला. फक्त खिशाची वाट बघत तो आठ वर्षं गप्प बसून होता.

खिसा २०२५ च्या दिवाळीत आला. आता तो ऐरोलीला नोकरी करतो. बोनस झाला आणि घरी आरटीएक्स ५०६० कार्ड आलं.

अपग्रेडचा शास्त्रशुद्ध क्रम एसएमपीएसपासून सुरू होतो. आधी वीज, मग बोर्ड आणि प्रोसेसर, मग रॅम, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. हे ओंकारलाही पाठ आहे. पण दिवाळीच्या बोनसमधून एसएमपीएस घेणारा तरुण मी अजून पाहिलेला नाही. एसएमपीएसचा फोटो स्टेटसला ठेवून कोणाचे हार्ट येत नाहीत. कार्डाला मात्र खोका असतो, आतला स्पंज असतो, दोन पंखे असतात आणि ते फिरताना रंगीत दिवा लागतो. म्हणून कार्ड आधी येतं आणि त्यामागून ‘बाकीचं बघू’ हे वाक्य येतं. घरातला सगळ्यात मोठा खर्च या वाक्यातल्या ‘बाकीचं’मध्ये लपलेला असतो.

ताईने खोका बघितला आणि विचारलं, ‘‘जुनं बंद पडलं का रे?’’

‘‘नाही. चालतंय की.’’

‘‘मग?’’

जगातल्या कुठल्याही गेमरकडे या ‘मग?’चं उत्तर नाही. ओंकारने माझ्याकडे बघितलं, ‘‘मामा, तू सांग ना आईला.’’ मी चहा प्यायला.

पहिला प्रश्न जागेचा आला. २०१७ च्या छोट्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बाजूला हार्ड डिस्क बसवायचा पत्र्याचा पिंजरा असतो, आणि तो रिवेटने ठोकलेला असतो. कार्ड आत घातलं की बरोबर त्या पिंजऱ्यावर आपटतं. मग भावोजी स्वतः उठले. निवृत्तीनंतर त्यांना अशी कामं फार कमी मिळतात. त्यांनी माळ्यावरून लोखंड कापायची करवत काढली, पिंजरा अर्धा कापला, आणि ‘‘आधीच मोठं कॅबिनेट घ्यायला काय झालं होतं?’’ हा प्रश्न करवतीच्या प्रत्येक फेऱ्याला विचारला. कार्ड बसलं, पण वजनाने पुढून खाली झुकायला लागलं. त्याला टेकू म्हणून बाजारात खास दांडी मिळते. ताईकडे हिंगाची रिकामी डबी होती. तिची उंची तंतोतंत जमली. तेव्हापासून त्या कॅबिनेटमधून गरम हवेबरोबर किंचित फोडणीचा वास येतो. तापमान मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याची नोंद नाही.

आता फुकटचा एसएमपीएस. त्याच्या अंगावर ४५० वॉट असं ठळक लिहिलं होतं. त्याच स्टिकरवर खाली मुंगीच्या अक्षरात कोष्टक असतं. त्यात १२ व्होल्टच्या पुढे १४ अँपिअर होतं. गुणाकार केला की १६८ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघं जेवतात ते या १२ व्होल्टच्याच पंगतीत. प्रोसेसर ६५ वॉटचा, नवं कार्ड १४५ वॉटचं, बेरीज २१०. मग ४५० मधले उरलेले कुठे गेले? ते ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत कागदोपत्री वाटलेले असतात, आणि थोडे फक्त स्टिकर छापणाऱ्याच्या मनात असतात. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्या एसएमपीएसला नव्हतीच. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ‘‘कन्व्हर्टर लावा की, चालतंय’’ म्हणून हार्ड डिस्कच्या जुन्या मोलेक्स वायरीला आठ पिनांचं तोंड जोडणारी एक नळी पुढे केली. इथे मात्र मी मामा म्हणून प्रथमच आवाज चढवला. त्या नळीमुळे जळालेल्या वायरींचे फोटो इंटरनेटवर कोणालाही बघता येतील. ५५० वॉटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस त्याच संध्याकाळी आला. ‘बाकीचं’ सुरू झालं.

दुसरं संकट मॉनिटरमधून आलं. साडेअठरा इंची मॉनिटरला फक्त व्हीजीएचं निळं तोंड, आणि नव्या कार्डाला डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय सोडून काही नाही. तेव्हा तीस हजारांवरच्या कार्डातून निघालेलं चित्र दोन-तीनशे रुपयांच्या कन्व्हर्टरमधून वाट काढत १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर यायला लागलं. म्हणजे यायला हवं होतं. प्रत्यक्षात डिस्प्ले आला नाही.

‘डिस्प्ले येत नाही’ हे तीन शब्द ज्या घरात उच्चारले जातात तिथे पुढच्या पाच मिनिटांत तज्ज्ञ जमतात. फोनवरच्या मित्राने सांगितलं, रॅम काढून खोडरबराने पूस. वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, बोर्डावरचा सेल काढ, दहा मिनिटं थांब, परत लाव. भावोजी म्हणाले, मेन स्विच एकदा बंद-चालू करून बघू या. गंमत म्हणजे खोडरबराचा उपाय शास्त्राला धरून आहे. पट्टीच्या सोनेरी दातांवर धूळ आणि घाम बसलेला असतो, तो निघतो. आपल्याकडच्या निम्म्या कॉम्प्युटर दुरुस्त्या शाळेच्या कंपासपेटीतल्या सामानाने झालेल्या आहेत. ओंकारने सगळे उपाय एकदम केले, त्यामुळे डिस्प्ले नेमका कशाने आला ते कोणालाच कळलं नाही, आणि तिन्ही तज्ज्ञ खूश झाले.

मग सायबरपंक २०७७ लावला. या गेमला एसएसडी सक्तीची असल्याचं बनवणाऱ्यांनी २०२३ मध्येच किमान गरजांच्या यादीत लिहून टाकलं आहे. ओंकारकडे हार्ड डिस्क. तेव्हा गाडी आधी पुढे जायची आणि रस्ता मागून यायचा. रोज कल्याण-शीळ रस्त्याने प्रवास करणाऱ्याला यात वावगं वाटलं नाही. पण चित्रही अडखळत होतं. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभर टक्के आणि कार्ड पस्तीस-चाळीसच्या आसपास. तीस हजारांचं कार्ड चाळीस टक्के हजेरी लावून बसलं होतं.

याला बॉटलनेक म्हणतात. चित्रातली प्रत्येक फ्रेम काढायच्या आधी कोण कुठे उभं आहे, गोळी कोणाला लागली, गर्दीतला कोण कुठे वळला, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग कार्डाला सांगतो, ‘काढ आता’. हिशेबनीस चारच असतील तर रंगारी कितीही चपळ असला तरी ब्रश हातात धरून उभा राहतो. यातला खरा विनोद पुढे आहे. अशा वेळी गेममधलं ग्राफिक्स ‘लो’ केलं तरी वेग वाढत नाही. ‘अल्ट्रा’ केलं तरी कमी होत नाही. सावल्या वाढवा, पाण्यातली प्रतिबिंबं वाढवा, फ्रेम तेवढ्याच. आणि पडद्यावर पिक्सेल जितके कमी, तितकं कार्डाचं काम कमी आणि प्रोसेसरचं अपयश उघडं. साडेअठरा इंची मॉनिटरने ओंकारच्या प्रोसेसरची अब्रू घालवली ती अशी.

आता इंटरनेटवर बॉटलनेक काढून देणारी गणकयंत्रं आहेत. मुलगा आणि मुलगी यांच्या जागी कार्ड आणि प्रोसेसरचं नाव भरायचं, की छत्तिसापैकी किती गुण जुळतात ते टक्क्यांत येतं. ओंकारचे गुण वाईट आले. मग त्याने दुसऱ्या ज्योतिषाकडे पत्रिका नेली, तिथे वेगळेच आले. ही टक्केवारी कोणता गेम, कोणता पडदा, हे धड न विचारताच काढलेली असते. ओंकार खेळतो ते गेम त्या यंत्राला माहीत नाहीत, टास्क मॅनेजरला आहेत. तरीही लोक आधी गुण बघतात आणि मग ‘नाडी एक आहे’ म्हणून नवा प्रोसेसर शोधायला निघतात.

तशीच दुसरी भीती पीसीआय-ईची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याची. ५०६० पाचव्या पिढीच्या आठ लेनवर बोलतं, सेकंदाला साधारण ३२ गिगाबाइट. ओंकारचं बोर्ड तिसऱ्या पिढीचं, तिथे तेच बोलणं ८ वर येतं. हे आकडे वाचून माणसाची झोप उडते. माझं मत विचाराल तर झोपा. कार्डाची स्वतःची आठ जीबी मेमरी भरून वाहायला लागत नाही तोवर हा फरक बहुतेक गेममध्ये थोडाच पडतो. ओंकारची खरी अडचण चार कोअरची होती, आणि ती मात्र झोपून जाणारी नव्हती.

उपाय दोन होते. त्याच बोर्डावर आय सेव्हन ७७०० बसतो. चार कोअर, पण आठ थ्रेड. नवा मिळत नाही आणि जुन्याचा भाव उतरायला तयार नाही, कारण सातव्या पिढीत अडकलेले सगळे जीव त्याच एका प्रोसेसरच्या मागे आहेत. शिवाय त्यातून विंडोज ११ चा प्रश्न सुटत नाही. मायक्रोसॉफ्टने इंटेलची रेघ आठव्या पिढीवर ओढली आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर.

प्रत्येक मित्रमंडळात २०१७ साली एएमडी रायझन घेतलेला एक जण असतो. त्या वेळी सगळे त्याला हसलेले असतात. आता तो काहीच बोलत नाही. त्याने तेच एएम ४ सॉकेटचं जुनं बोर्ड ठेवून, बायोस अपडेट करून, त्यावर २०२४ मध्ये आलेला ५७०० एक्स ३ डी बसवलेला असतो. तो फक्त ‘बघ बाबा तुझं’ म्हणतो. एवढा छळ पुरतो.

ओंकारला दुसरा उपाय करावा लागला: नवं बोर्ड, नवा प्रोसेसर, म्हणजेच लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं हे नाव पाटीवरून जाऊन फार दिवस झाले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ‘भडकमकर मार्ग कुठे?’ विचारणाऱ्याला दुकानदार नवखा समजतात आणि भाव त्याप्रमाणे सांगतात.

इथल्या दुकानाच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘बजेट बोला.’’ हा प्रश्न फार थोर आहे. उत्तर दिलं की मालाची किंमत बजेटएवढी होते. ओंकार म्हणाला, ‘‘५०६० घेतलंय, त्याला शोभेल असं काहीतरी.’’ झालं. गिऱ्हाइकाने आधीच तीस हजार घालवले आहेत आणि आता मागे फिरता येणार नाही, हे दुकानदाराला कळलं. त्याने आधी वरच्या फळीवरचा प्रोसेसर काढला, मग काचेच्या भिंतींचं कॅबिनेट दाखवलं, मग पाण्याने थंड होणारा कूलर. ‘‘सर, कार्ड बघा ना तुमचं. त्याच्यासमोर हे काहीच नाही.’’ त्या रस्त्यावर कार्ड हे गिऱ्हाइकाचं खानदान असतं. मुलाच्या लग्नात खर्च करताना आपल्याकडे नातेवाईक नेमकं असंच बोलतात.

आम्ही खाली उतरलो ते कोअर आय फाइव्ह १२४०० एफवर. २०२२ मधला, सहा कोअर, बारा थ्रेड. ५०६० ला तो पुरून उरतो, आणि ज्याच्या घरी पंखाच आहे त्याला पाण्याचा कूलर कशाला? बोर्ड मुद्दाम डीडीआर ४ चं घेतलं, म्हणजे जुनी रॅम चालेल. तेवढी बचत. पण एका पट्टीने सिंगल चॅनलमध्ये प्रोसेसर अर्धपोटी राहतो, तेव्हा जोडीला तशीच दुसरी पट्टी हवी. आणि इथे आमची चुकीच्या महिन्याशी गाठ पडली. २०२५ च्या अखेरीस मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरांना माल पुरवण्यात गुंतल्या आणि रॅमचे भाव वर गेले. डिसेंबरात तर मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदाराला रॅमचा भाव विचारला तर तो आधी कुठेतरी फोन लावायचा. परत आला की म्हणायचा, ‘‘हा आत्ताचा. जेवून आलात तर गॅरंटी नाही.’’ आम्ही न जेवता पट्टी घेतली. त्यात एसएसडी, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथे कोंबडीच बारा आण्यांची होती. मसाला रुपयाच्या पुढे गेला.

घरी सगळं जोडलं. आता कार्ड अठ्ठ्याण्णव टक्के, प्रोसेसर निवांत. बॉटलनेक गेलं का? छे. बॉटलनेक कधी जात नाही, खोली बदलतं. आधी ते मॉनिटरमध्ये जाऊन बसलं. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, कार्ड एकशेवीस काढू दे नाहीतर दोनशे. मग चोवीस इंची नवा मॉनिटर आला. शिवाय या पिढीची कार्डं स्वतः काढलेल्या एका फ्रेममागे तीन-तीन फ्रेमसुद्धा मनाने घालतात. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चारांतल्या तीन घटना गेममध्ये घडलेल्याच नसतात. भावोजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘आमच्या सोसायटीच्या मिनिट्ससारखं.’’

मग बॉटलनेक यूपीएसमध्ये शिरलं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, तेही बॅटरी तरणी असताना. लाइट गेली की आधी चार-पाच मिनिटं मिळायची. आता तो एकदाच कुईं करतो आणि सगळ्यांना बरोबर घेऊन जातो. विजेचा हिशेब भावोजींनी कागदावर केला: सगळं मिळून ३०० वॉट, रोज चार तास, महिन्याला ३६ युनिट. घरचं बिल तीनशे युनिटांच्या अलीकडे ठेवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं आहे, कारण पलीकडच्या युनिटांचा दर चढा आहे. तो कागद त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावला.

पण चार तास ही भावोजींची कल्पना. ओंकार ऐरोलीहून घरी पोचतो साडेनऊला. जेवतो, कॉम्प्युटर लावतो, तर गेमला काही जीबींचं अपडेट आलेलं असतं. ते उतरेपर्यंत वेळ जावा म्हणून तो जीटीए सॅन अँड्रियास उघडतो. २००५ साली कॉम्प्युटरवर आलेला हा गेम त्या वेळच्या सायबर कॅफेतल्या कुठल्याही खोक्यावर चालायचा. तोच खेळून तो झोपतो. ५०६० चे पंखे तेव्हा फिरतसुद्धा नाहीत, एवढा त्याला भार कमी.

या सगळ्यात खरा फायदा भावोजींचा झाला. जुनं बोर्ड, ७४००, आणि एक छोटी एसएसडी त्या करवतीने कापलेल्या कॅबिनेटमध्ये परत बसली. ओंकारच्या कार्डासाठी काचेचं कॅबिनेट आलंच, दुकानदार शेवटी जिंकला. ७४०० च्या पोटातच साधं ग्राफिक्स असतं आणि जुन्या बोर्डाला व्हीजीएचं तोंडही आहे, तेव्हा साडेअठरा इंची मॉनिटर कन्व्हर्टरशिवाय लागला. रॅमची एक पट्टी मी माझ्या खणातून दिली. विंडोज ११ चालणार नाही म्हणून लिनक्स मिंट टाकलं. पहिल्या दिवशी भावोजींनी विचारलं, ‘‘माझा तो निळा ई कुठे गेला?’’ आता त्यांना डिमॅट, पासबुक आणि सोसायटीची पत्रं एवढं सगळं बटण दाबल्यावर चहा गाळून होईपर्यंत तयार मिळतं. घरात आपल्या कॉम्प्युटरबद्दल समाधानी असलेला हा एकमेव माणूस, आणि त्याने काहीही मागितलं नव्हतं.

उरलं १०५० टीआय. ते विकायचं आहे. चार जीबी, चालू स्थितीत, खोका आणि बिल दोन्ही आहे, वेगळी वायर लागत नाही. कोणाच्या मुलाला ऑटोकॅडसाठी हवं असेल तर जरूर सांगा. फक्त घरात एसएमपीएस कोणता आहे ते आधी बघा, आणि कृपा करून स्टिकरवरचं मोठं अक्षर वाचू नका, खालचं कोष्टक वाचा.